सायटिका, पण मणक्यातली नव्हे : ओटीपोटात उगम असलेली पायदुखी

खाडीकाठ

कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाऊ लागली की आपल्याकडे निदान बहुधा घरातच ठरते : "मणक्यात गॅप आहे" किंवा "शीर दबली आहे". पुढे कमरेचा एमआरआय, पट्टा, गोळ्या, ट्रॅक्शन आणि जोडीला निर्गुडीचे तेल लावून चोळणे असा क्रम सुरू होतो. दापोली-गुहागर पट्ट्यात फिजिओथेरपीचे काम करताना मला दिसते की बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत हे निदान बरोबरच असते. कमरेची खालची, दोन मणक्यांमधली चकती सरकून मज्जातंतूचे मूळ दबणे हे सायटिकेचे, म्हणजे कुल्ल्यातून पायात जाणाऱ्या या कळेचे, सर्वांत नेहमीचे कारण आहे आणि त्यातले बरेच रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात. मंचावरचा हा चर्चेचा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्यांचा मणका तपासून झाला, उपचार झाले, तरी पाय दुखायचा थांबला नाही आणि ज्यांच्या ओटीपोटाकडे कोणी पाहिलेच नाही, अशा थोड्या रुग्णांविषयी येथे चर्चा व्हावी, असे वाटते.

सायटिक मज्जातंतू मणक्यातून निघून थेट पायात जात नाही. कमरेच्या चौथ्या व पाचव्या आणि त्रिकास्थीच्या (मणक्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या) पहिल्या तीन मुळांपासून तो बनतो. वरच्या दोन मुळांचे तंतू एकत्र येऊन त्रिकास्थीच्या कडेवरून ओटीपोटाच्या पोकळीत उतरतात, तेथे खालच्या मुळांशी त्यांचे जाळे तयार होते आणि हे जाळे पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूच्या पुढच्या बाजूवर पसरलेले असते. गुदाशय, बीजांडकोश, मूत्रनलिका आणि ओटीपोटाच्या मोठ्या रक्तवाहिन्या हे त्याचे शेजारी. तेथून हाडातल्या एका खिंडीतून, बहुतेक माणसांमध्ये पिरिफॉर्मिसच्या खालून, तो कुल्ल्यात बाहेर पडतो. काहींमध्ये त्याचा एक फाटा त्या स्नायूला भेदून जातो. या प्रकारांचे वर्गीकरण बीटन आणि अॅन्सन या शरीररचनेच्या अभ्यासकांनी १९३७ मध्ये केले होते. वाडीतल्या पाटाचे पाणी शेवटच्या माडापर्यंत पोहोचत नसेल, तर आपण विहिरीपाशीच उभे राहून कारण शोधत बसत नाही, सगळा पाट चालून पाहतो. येथे मात्र आपण बहुतेक वेळा विहिरीपाशीच थांबतो.

यामागे थोडा इतिहास आहे. नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्येच मज्जातंतूचे दुखणे आणि सांध्याचे दुखणे वेगळे करून दाखवले होते. १९२८ मध्ये योमन यांनी त्रिकास्थीचा सांधा आणि पिरिफॉर्मिस यांच्याकडे बोट दाखवले. नंतर १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली चकती काढून रुग्ण बरे होतात हे दाखवले, आणि ती गोष्ट इतकी पटण्याजोगी होती की पुढे सायटिका आणि चकती हे जणू एकच दुखणे ठरले.

कमरेच्या एमआरआयविषयी दोन गोष्टी रुग्णांना माहीत नसतात. पहिली अशी की, नेहमीच्या तपासणीत चित्रे त्रिकास्थीच्या वरच्या भागापर्यंतच येतात आणि आडवे छेद प्रामुख्याने चकत्यांच्या पातळीवर घेतले जातात. त्यामुळे अहवालात "नॉर्मल" असे लिहिलेले असले, तरी ते ओटीपोटाविषयी काहीच सांगत नसते. दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा सगळ्या चकत्या व्यवस्थित असलेले केवळ ३६ टक्के निघाले आणि निम्म्याहून अधिक जणांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. म्हणजे अहवालातला "माइल्ड बल्ज" हा शब्द पाहून शोध थांबवणे जितके सोपे, तितकेच ते फसवे आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न यंत्राचा नसून विचारपूस करण्याचा आहे. कंबर दुखत नाही पण कुल्ला आणि पाय दुखतो का? बसल्यावर वाढते आणि चालल्यावर कमी होते का? रात्री झोपेतून उठवते का? ताप, वजन घटणे, लघवी-शौचाच्या तक्रारी, ओटीपोटाची जुनी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन आहे का? आणि स्त्री असेल तर, हे दुखणे महिन्याच्या ठरावीक दिवसांत वाढते का? हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ कोणीच विचारत नाही. रुग्ण सासूबरोबर किंवा दिराबरोबर आलेली असते, तपासणारा पुरुष असतो, आणि पायाच्या दुखण्याचा पाळीशी संबंध असेल अशी शंका कोणाच्याच मनात येत नाही.

पाणंद

खाडीकाठ, धागा वाचून मी आमच्या वहिनींना मुद्दाम विचारले. वय चौतीस, घरची भातशेती, मुले दोन. गेली काही वर्षे उजव्या कुल्ल्यातून पायात कळ जाते. लावणीत वाकून काम केल्यामुळे असे होते, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. एमआरआयमध्ये एका चकतीला किंचित फुगवटा आहे. त्यांचे म्हणणे असे की, पाळीच्या आधी एक-दोन दिवस पाय विशेष दुखतो आणि पाळी संपल्यावर काही दिवसांनी बरे वाटते. अलीकडे मात्र मधले बरे दिवस कमी होत चालले आहेत. त्यांनी हे आजवर कोणाला सांगितले नव्हते, कारण पाळीत सगळ्यांनाच काही ना काही दुखते असे त्या समजत होत्या. याला अर्थ आहे का?

सुरंगी

पाणंद, अर्थ आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि माझा दवाखाना तळकोकणात आहे. रुग्ण न पाहता निदान करता येत नाही, परंतु तुम्ही सांगितलेला क्रम ऐकल्यावर एंडोमेट्रिओसिसचा विचार केलाच पाहिजे.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाले गर्भाशयाबाहेर वाढतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. बहुतेकींमध्ये तो बीजांडकोश, गर्भाशयामागची जागा, तेथील अस्थिबंध या ठिकाणी असतो. सायटिक मज्जातंतूवर किंवा त्याच्या मुळांवर तो बसणे दुर्मीळ आहे, मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. ती पेशीजाले संप्रेरकांना प्रतिसाद देतात, पाळीच्या सुमारास सुजतात, त्यांत रक्तस्राव होतो आणि शेजारचा मज्जातंतू चेततो. सुरुवातीला दुखणे पाळीपुरते असते. वारंवार होणाऱ्या दाहामुळे तेथे कठीण व्रणजाल, म्हणजे जखमेच्या वणासारखे घट्ट जाळे, तयार होऊ लागले की मधले बरे दिवस आक्रसत जातात, आणि अखेरीस दुखणे कायमचे होते. त्या टप्प्यावर पाळीशी असलेला संबंध पुसला गेलेला असतो, म्हणून "आता दुखते कसे?" इतके विचारून भागत नाही. "सुरुवातीला कसे दुखत होते?" असे विचारावे लागते.

हा प्रकार उजव्या बाजूला अधिक आढळतो. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड भाग त्या जागेवर आच्छादनासारखा असतो, त्यामुळे ती बाजू काहीशी सुरक्षित राहते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. वहिनींचे दुखणे उजवीकडे आहे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही सांगून ठेवते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साध्या मणक्याच्या दुखण्यातही पाळीच्या दिवसांत वेदना थोडी अधिक जाणवू शकते. म्हणून त्यांना निदान दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवायला सांगा : कोणत्या दिवशी किती दुखले, कोठपर्यंत गेले, मुंग्या आल्या का, चप्पल पायातून निसटते का, पाऊल उचलायला जड जाते का. पाळीत तीव्र पोटदुखी, संबंधाच्या वेळी दुखणे, शौचाला त्रास किंवा मूल राहण्यात अडचण असेल तर तेही लिहावे. परंतु पाऊल घसटू लागले असेल तर नोंदीसाठी थांबू नका. मज्जातंतूवर दीर्घकाळ दाब राहिला की पुढे आजार काढून टाकला तरी शक्ती पूर्ण परत येईलच असे नसते.

नेहमीच्या सोनोग्राफीत ही जागा दिसत नाही. ओटीपोटाचा एमआरआय, तोही चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्रांसह, काढावा लागतो, म्हणजे जुन्या रक्ताचे ठिपके उठून दिसतात. दुर्बिणीतून पोटात पाहिले आणि सगळे स्वच्छ दिसले, तरी आजार नाही असे ठरत नाही, कारण तो उदरपटलाच्या (पोटाच्या आतल्या पातळ आवरणाच्या) मागे, खिंडीच्या तोंडाशी लपलेला असू शकतो. उपचारात डायेनोजेस्टसारखी किंवा पाळी थांबवणारी संप्रेरक औषधे देतात. औषधाने पायाचे दुखणे स्पष्ट कमी झाले तर तोही निदानाला आधार ठरतो. मज्जातंतूभोवतीचे व्रणजाल काढण्याची शस्त्रक्रिया मात्र सर्वांनी करण्याजोगी नाही. मी स्वतः अशा रुग्णाला त्या विशिष्ट कामाचा सराव असलेल्या पथकाकडेच पाठवते.

जांभा

विषय महत्त्वाचा आहे, परंतु थोडा विरोधी सूर लावतो. मी अस्थिरोग विभागात काम करतो. असे धागे वाचून उद्या प्रत्येक कंबरदुखीचा रुग्ण ओटीपोटाचा एमआरआय मागू लागेल. मंडणगडच्या किंवा वैभववाडीच्या माणसाला एक एमआरआय म्हणजे तपासणीच्या खर्चावर दिवसाची बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस. दुर्मीळ कारणे दुर्मीळ असतात, म्हणूनच त्यांना तसे म्हणतात. शिवाय "पिरिफॉर्मिस सिंड्रोम", म्हणजे त्या स्नायूने सायटिक मज्जातंतू दबला आहे, हे निदान आजकाल इतके स्वस्त झाले आहे की कारण सापडले नाही की तेच चिकटवले जाते. त्याची सर्वमान्य अशी एकही निर्णायक चाचणी नाही. गुडघा छातीकडे आणून, पाय आत ओढून, आत फिरवला आणि कुल्ला दुखला, एवढ्यावर निदान करणे मला पटत नाही.

खाडीकाठ

जांभा, पिरिफॉर्मिसविषयी मी तुमच्याशी सहमत आहे, आणि म्हणूनच मूळ लेखनात त्याला कारण म्हणून मांडले नव्हते. ते निदान इतर कारणे वगळल्यानंतरचे असावे. खर्चाविषयीही तुमचे म्हणणे खरे आहे, पण ज्या रुग्णाचा कमरेचा एमआरआय दोन-तीन वेळा काढून झाला आहे, त्याचा खर्च आधीच झालेला असतो, फक्त चुकीच्या जागी.

निवड करण्यासाठी एक तुलनेने स्वस्त साधन आहे, ज्याचा आपल्याकडे फारसा वापर होत नाही : मज्जातंतूंची विद्युत चाचणी, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी. मूळ मणक्यापाशी दबले असेल तर पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंतही बदल दिसू शकतात, कारण त्यांना जाणारा फाटा मणक्याबाहेर पडताच लगेच सुटतो. दोष ओटीपोटातल्या जाळ्यात किंवा त्याच्या पुढे असेल तर ते स्नायू निर्दोष राहतात. संवेदी तंतूंचेही तसेच आहे. त्यांच्या पेशी मणक्याच्या छिद्रापाशी असतात. दाब त्या पेशींच्या अलीकडे, मणक्याच्या पोकळीत, असेल तर पाय बधिर वाटूनही पोटरीच्या संवेदी तंतूचा संकेत बहुधा चांगला येतो. दोष जाळ्यात असेल तर तोच संकेत क्षीण होतो. या चाचणीतही उणिवा आहेत, दुखणे नवे असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती फारसे सांगत नाही, आणि ती करणाऱ्याच्या कौशल्यावर बरेच अवलंबून असते. तरीही "मणका की त्याच्या पुढे?" या प्रश्नाला ती दिशा देते.

देवबाग

आमच्या घरातला अनुभव पुरुषाचा आहे, म्हणून लिहितो. वडील आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडण्याच्या कामावर, होते, विडीचे व्यसन होते. सत्तरीनंतर डाव्या कुल्ल्यात ठणका आणि मांडीच्या मागून कळ सुरू झाली. वयाचा मणका म्हणून उपचार झाले. पुढे लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली तेव्हा ओटीपोटात डाव्या बाजूला धमनीला फुगा आल्याचे दिसले, आणि गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेल्यावर ते निश्चित झाले. अशा फुग्यामुळे सायटिका होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले.

जांभा

देवबाग, हे उदाहरण मौल्यवान आहे. ओटीपोटातल्या इलियाक धमनीचा, विशेषतः तिच्या आतल्या शाखेचा फुगा खोल असल्यामुळे पोटावरून हाताला लागत नाही. वयस्क पुरुष, तंबाखू, रक्तदाब अशी पार्श्वभूमी असते. तो शेजारच्या मूत्रनलिकेला, गुदाशयाला किंवा मज्जातंतूच्या जाळ्याला दाबतो आणि कधी गुदद्वारातून तपासताना ठोके लागतात. फुटला तर जिवावर बेतते. या वयाच्या पुरुषाची सायटिका नेहमीच्या चौकटीत बसत नसेल, तर पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घेणे परवडण्याजोगे आहे, आणि माझा वरचा खर्चाचा आक्षेप तिला लागू नाही.

याच निमित्ताने जंतुसंसर्गाविषयीही लिहितो, कारण आपल्या भागात ते एंडोमेट्रिओसिसच्या सायटिकेपेक्षा अधिक वेळा पाहायला मिळते. मणक्याच्या क्षयात पू सोआस (कमरेच्या मणक्यापासून मांडीकडे जाणाऱ्या) स्नायूच्या आवरणातून खाली उतरतो. त्रिकास्थीच्या सांध्यातही जंतुसंसर्ग होतो आणि त्याच्या लगत असलेले मज्जातंतू चेततात. संध्याकाळची कणकण, वजन घटणे, भूक मंदावणे, मांडी पोटाकडे ओढून झोपावे लागणे ही लक्षणे असतील तर अशा रुग्णाला चोळायला नेऊ नये. पू असलेल्या जागी जोरात मर्दन केलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

तिठा

मी परिचारिका आहे. दोन गोष्टी जोडते.

बाळंतपणानंतर पाऊल उचलता येत नाही अशी तक्रार आली की घरचे लोक लगेच "कमरेत दिलेल्या इंजेक्शनने असे झाले" असे म्हणतात. अनेकदा कारण वेगळे असते : प्रसूती लांबली असता बाळाचे डोके ओटीपोटाच्या काठावर त्या मज्जातंतूच्या जाड दोराला दाबून राहते. आईची उंची कमी आणि बाळ मोठे असेल तर हे अधिक संभवते. बहुतेकींमध्ये काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शक्ती परत येते, तोपर्यंत पावलाला आधार देणारी पट्टी आणि व्यायाम लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या स्त्रीला एका पायाला सूज, त्याच बाजूला सायटिकेसारखी कळ आणि त्या बाजूच्या मूत्रपिंडात लघवी तुंबणे अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर आजार ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचला असल्याची शंका घ्यावी लागते. गुदाशयाच्या कर्करोगानंतरही असे होऊ शकते. रेडिएशनमुळेही अनेक वर्षांनी मज्जातंतू खराब होतात, पण त्यात साधारणपणे दुखण्याआधी अशक्तपणा जाणवतो आणि पुष्कळदा दोन्ही पायांत जाणवतो. कर्करोग परतला असेल तर आधी दुखते, बहुधा एकाच बाजूला आणि रात्री अधिक. उपचार "पूर्ण झाले" या समाधानात घरचे लोक जुनी फाइल दाखवतच नाहीत.

पाणंद

सर्वांचे आभार. वहिनींनी नोंद ठेवायला सुरुवात केली आहे. त्या सांगतात की पाऊल अजून घसटत नाही, अंगठा वर उचलता येतो. तोपर्यंत फिजिओथेरपीचे व्यायाम चालू ठेवावेत का? आणि एमआरआयची चिठ्ठी आणताना नेमके काय मागावे?

सुरंगी

चिठ्ठी डॉक्टरांनीच द्यायची आहे, तुम्ही मागायची नाही, परंतु माहिती पुरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वहिनींना स्वतंत्रपणे बोलता येईल अशी व्यवस्था करा. सोबतीला गेलेल्या माणसाने बाहेर थांबावे. चिठ्ठीवर फक्त "ओटीपोटाचा एमआरआय" असे न लिहिता "उजव्या बाजूची, पाळीबरोबर वाढणारी सायटिका, त्रिकास्थीचे मज्जाजाल आणि सायटिक खिंड पाहावी" असे कारणासह लिहिलेले असेल, तर रेडिओलॉजिस्ट त्या जागेचे छेद मुद्दाम घेतात. शक्य असल्यास दुखण्याच्या दिवसांतली तारीख घ्यावी. कमरेचा आधीचा एमआरआय, फिल्म आणि सीडीसकट, बरोबर न्यावा, म्हणजे तो पुन्हा काढावा लागणार नाही.

खाडीकाठ

व्यायामांविषयी : कळ पायात खाली उतरत असेल तर ताणाचे व्यायाम, विशेषतः पाय सरळ उचलून मागची बाजू खेचणारे, सध्या थांबवावेत. चेतलेला मज्जातंतू ताणल्याने तो अधिक चिडतो. सपाट जागेवर चालणे, पोटाच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे हलके व्यायाम चालतील. फार वेळ उकिडवे बसणे, पाटावर बसून नारळ किंवा मासे साफ करणे शक्य तेवढे टाळावे. बधिरपणा मांडीच्या आतल्या बाजूला आणि लघवी-शौचाच्या जागी पसरला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, अथवा दोन्ही पायांतली शक्ती गेली, तर ती मणक्यातली तातडीची अवस्था असू शकते आणि तेव्हा त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एमआरआयचा अहवाल आला की येथे लिहा, मात्र अहवालाच्या कागदावरचे वहिनींचे नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.